बालनाट्याचा ‘तो’ आवाज: मुलांचा नाट्यवर्ग पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

शाळेच्या गॅदरिंगमध्ये तो आवाज तुम्ही ऐकलेला असणारच. मुलगा पुढे येतो, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो, दोन्ही हात पसरतो आणि हेल काढतो, ‘अरेऽऽ मित्रांनोऽऽ, आता आपण कायऽऽ करायचंऽऽ?’ मित्र त्याच्या मागे उभे असतात, पण त्यांच्याकडे तो बघतही नाही. हाच मुलगा दहा मिनिटांपूर्वी विंगेत ‘माझी मिशी कुणी घेतली रे?’ असं इतकं खरंखुरं विचारत होता, की कसलेल्या नटालाही हेवा वाटावा.

विंगेपासून स्टेजच्या मध्यापर्यंत जेमतेम पाच पावलं. तेवढ्यात त्या मुलाचं काय होतं?

माझं उत्तर असं, की तो आवाज भीतीचा असतो. चुकलो तर मुलं हसतील, सर ओरडतील, आई घरी गेल्यावर बोलेल. म्हणून कुणीतरी ‘असं म्हण’ म्हणून दिलेली चाल मूल घट्ट धरून ठेवतं. पाढे चालीवर म्हटले की अडखळायला होत नाही, तसंच हे. त्यामुळे मुलांचा नाट्यवर्ग पहिल्यांदा घेणाऱ्या माणसाने अभिनय शिकवायची घाई करू नये. चालीचा आधार न घेता मूल उभं राहू शकेल, असा वर्ग आधी तयार करावा. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एवढ्याचसाठी.

मी स्वतः हे उलट्या बाजूने शिकले. पहिल्या उन्हाळी शिबिरात 40 मिनिटांची छापील संहिता घेऊन गेले, पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला राजा केलं आणि उरलेले नऊ दिवस प्रत्येक वाक्य स्वतः म्हणून दाखवलं. प्रयोगात वीस मुलं माझ्या आवाजात बोलली. पालक खूश होते. मला मात्र स्टेजवर वीस वेळा मीच दिसत होते.

आधी एक घोळ निस्तरा

मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं नाटक आणि मुलांनी केलेलं नाटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे दोन्हींना ‘बालनाट्य’ म्हणतात, म्हणून घोळ होतो. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुंबईत लिटल थिएटर ही बालनाट्य संस्था सुरू केली, तेव्हा त्यांचा आग्रह होता की मुलांना दाखवायचं नाटकही नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांत मोठ्यांच्या नाटकाइतकंच नेटकं असलं पाहिजे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण गाजवली ती दिलीप प्रभावळकरांनी, म्हणजे मोठ्या माणसाने. बर्लिनहून मोहन आगाशे आणि श्रीरंग गोडबोले यांच्यामार्फत पुण्यात आलेल्या ग्रिप्स या बालरंगभूमीच्या नाटकांत तर मुलांच्या भूमिकाही मोठेच करतात. ही सगळी नाटकं बघावीत, मुलांना दाखवावीत. पण तसलं नाटक आपल्या वर्गातल्या दहा वर्षांच्या मुलांकडून बसवून घ्यायचा हट्ट धरला, की मुलं त्या मोठ्या नटांची नक्कल करू लागतात. मग हेल आलाच.

तुमच्या वर्गाचं काम दुसऱ्या प्रकारचं आहे. तिथे प्रेक्षक नंतर येतात आणि आले नाहीत तरी वर्ग वाया गेला असं होत नाही.

जागा, संख्या, वेळ

हे पटकन सांगते. मुलं 16 ते 20. संख्या सम असली तर जोड्या पाडताना कुणी एकटं उरत नाही. विषम झाली तर तुम्ही स्वतः जोडीला उभ्या राहा. 6 ते 8, 9 ते 12 आणि 13 ते 16 असे गट शक्यतो वेगळे ठेवा. पहिल्यांदा घेत असाल तर मधला गट घ्या. तो खेळायला लाजत नाही आणि सांगितलेलं लक्षातही ठेवतो.

जागा म्हणजे शाळेचा हॉल, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, काहीही चालेल. स्टेज नसलेलं बरं. सतरंजी आधी गुंडाळून ठेवा, धावताना पाय अडकतो आणि दात पडतात. मे महिन्यात वर पत्रा असेल तर सकाळी साडेनऊच्या आत संपवा. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. ती नसेल तर मुली दोन तास पाणी प्यायच्या नाहीत आणि तुम्हाला कारणही सांगायच्या नाहीत.

वर्गात मोठी माणसं दोन हवीत, एकटीने वर्ग घेऊ नका. फी ठेवली असेल तर सवलत कुणाला दिली हे तुमच्या वहीबाहेर जाता कामा नये.

दीड तासाची विभागणी साधारण अशी: 10 मिनिटं गोलात, 25 मिनिटं खेळ, 40 मिनिटं काम, शेवटची 15 मिनिटं बसून बोलणं. खेळ रंगला तर कामातली मिनिटं कापा, बोलण्यातली कापू नका.

पहिला दिवस

‘चला, प्रत्येकाने उभं राहून आपली ओळख करून द्या’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. त्यात काय काय उघडं पडतं बघा. शाळेचं नाव सांगितलं की कोण इंग्रजी माध्यमातलं आणि कोण नगरपालिकेच्या शाळेतलं हे कळलं. आडनावावरून जात कळली. ‘बाबा काय करतात’ यावरून घरातला पैसा कळला. पाचव्या मिनिटाला वर्गाचे गट पडलेले असतात आणि पुढचे दहा दिवस तुम्ही ते मोडत बसता.

फक्त पहिलं नाव घ्या. हजेरीच्या वहीतही वाचताना पहिलंच नाव. एका नावाची दोन मुलं असली तर वेगळं कसं ओळखायचं ते त्यांनाच ठरवू द्या. ‘मोठा’ आणि ‘छोटा’, ‘जाडा’ आणि ‘बारीक’ असं तुम्ही ठरवू नका. तुम्हाला मुलांनी ताई किंवा दादा म्हटलेलं चांगलं. सर, मॅडम म्हटलं की मुलं हात बांधून उभी राहतात.

गोलात उभं राहून नाव सांगायचं आणि नावाबरोबर एक हालचाल करायची. सगळ्यांनी ते नाव आणि ती हालचाल तशीच परत करायची. सुरुवात तुम्ही करा. दुसऱ्या फेरीत मुद्दाम, पण खोटं वाटणार नाही अशा बेताने, कुणाची तरी हालचाल चुका. मुलं हसतील. तुम्हीही हसा, ‘चुकलं, परत दाखव’ म्हणा आणि परत करा. या वर्गात चूक झाली की पुढे काय होतं, हे मुलांनी पाहिलेलं असतं. भाषण करून ते सांगता येत नाही.

त्याच दिवशी एक सवलत जाहीर करा: कुणीही, कधीही ‘आज नको’ म्हणू शकतं. कारण विचारायचं नाही. म्हणणाऱ्याने बाजूला पायरीवर बसून बघायचं आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत आपल्याला दिसलेली एक गोष्ट सांगायची. पहिल्या दिवशी निम्मी मुलं हे वापरून बघतील, तुम्ही खरं बोललात का ते तपासायला. काळजी करू नका. चौथ्या दिवसापर्यंत पायरी रिकामी होते.

नियम तीन पुरेत. ते मुलांकडूनच काढून घ्या आणि एका कार्डशीटवर त्यांच्याच अक्षरात लिहून भिंतीवर लावा. एका गटाने लिहिलं होतं, ‘नाटकाला हसायचं, नाटक करणाऱ्याला नाही.’ मला हे सुचलं नसतं.

खेळ आपलेच घ्या

नवीन शिक्षक मोबाइलवर परदेशी थिएटर गेम्स शोधत बसतात. आपल्या अंगणातले खेळ आधी नीट बघा. ‘मामाचं पत्र हरवलं’ घ्या. गोलात बसलेल्या मुलांच्या मागून राज्य असलेलं मूल रुमाल घेऊन पळतं, एकाच्या मागे गुपचूप टाकतं आणि पुढे चालत राहतं, जणू रुमाल अजून हातातच आहे. मनात एक ठेवायचं आणि अंगावर दुसरं दाखवायचं, नटाला जन्मभर हेच करायचं असतं. शिवाय बसलेल्यांना कान मागे आणि डोळे समोर ठेवावे लागतात, म्हणजे ऐकायची सवयही झाली. खेळून झाल्यावर विचारा, ‘रुमाल टाकताना तू कुठे बघत होतास?’ मुलं इतकी नेमकी उत्तरं देतात की वर्ग तिथूनच सुरू होतो.

विषामृतही तसंच. ‘विष’ मिळालं की आहे त्या अवस्थेत थिजायचं, ‘अमृत’ मिळालं की सुटायचं. थिजलेल्या मुलाजवळ जाऊन विचारा, ‘तू आत्ता कोण आहेस? कुठे आहेस?’ एक पाय वर, हात पुढे, अशी थिजलेली मुलगी म्हणाली होती, ‘मी बस पकडतेय, पण कंडक्टरने बेल मारली.’ हा झाला प्रसंग. तो करायला कंडक्टर म्हणून दुसरा मुलगा लगेच उभा राहिला.

संवादांची सवय लावायची तर आधी अर्थाचे शब्दच काढून घ्या. ‘च’ची भाषा बहुतेक मुलांना येते: ‘चला म चूक भ चागली ल’ म्हणजे मला भूक लागली. या भाषेत भाजीवाली आणि गिऱ्हाईक यांचं भांडण लावा. शब्द कळत नाहीत म्हटल्यावर मुलांना समोरच्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं आणि हेल काढायला चाल सापडत नाही. पहिल्या आठवड्यात मी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते.

‘असं म्हण’ म्हणायचं नाही

हे सगळ्यात अवघड आहे आणि मला अजूनही पूर्ण जमत नाही. मूल वाक्य चुकीच्या जागी तोडतं, तुमच्या जिभेवर बरोबर वाक्य तयार असतं आणि ते म्हणून दाखवलं की काम दोन मिनिटांत होतं. पण दाखवलंत की मूल तुमचा सूर पाठ करतं, वाक्याचा अर्थ नाही. उद्या तोच सूर थोडा वाढतो, परवा आणखी, आणि प्रयोगाच्या दिवशी ‘अरेऽऽ मित्रांनोऽऽ’.

अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत मुलांबरोबर काम करताना यावर एक वाट काढली. तिथली बरीच मुलं स्थलांतरित कुटुंबांतली होती आणि घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी होती. लांबलचक सूचना देण्यापेक्षा त्या मुलांना खेळातून एखादी अडचण देत आणि खेळ न थांबवता बाजूने छोट्या सूचना करत राहत. कबड्डीच्या मैदानाबाहेर उभा राहून ‘मागे बघ, मागे बघ’ ओरडणारा प्रशिक्षक आठवा, तसंच.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? समजा वाक्य आहे, ‘आई, मी जाऊ का?’ मुलगी ते गाणं म्हटल्यासारखं म्हणते. म्हणून दाखवू नका. तिला काम द्या. हातात काठोकाठ भरलेली बादली आहे, पाणी सांडायचं नाही आणि आता विचार. किंवा पाळण्यात बाळ आत्ताच झोपलंय, आता विचार. किंवा आई पाठमोरी पोळ्या लाटतेय आणि सकाळपासून रागावलेली आहे. आईचं काम करणारीला कानात सांगा, ‘तिचा आवाज ऐकून तुला हो म्हणावंसं वाटलं तरच वळ.’ आता मुलगी तीनदा, चारदा विचारते, दर वेळी वेगळं. आई वळते तेव्हा सगळ्या वर्गाला कळतं की यावेळी का वळली. तुम्ही बाजूने एवढंच बोला: ‘पाणी सांडतंय’, ‘आईचे हात बघ’, ‘घाई नाही’. ‘छान’, ‘मस्त’ हेही मधे मधे म्हणू नका. ‘मस्त’ ऐकलं की मूल लगेच तुमच्याकडे बघतं आणि प्रसंग संपतो.

मागच्या ओळीतल्याला ऐकू जात नाही, ही तक्रार येतेच. तिथेही ‘मोठ्याने’ म्हणू नका, ‘मोठ्याने’ म्हटलं की मुलं ओरडतात. समोरच्या भिंतीशी दुसऱ्या मुलाला उभं करा. ‘तो नदीपलीकडे आहे, त्याला सांग.’ आवाज आपोआप पोचतो आणि घसाही बसत नाही.

शेवटच्या पंधरा मिनिटांत विचारायचं ते ‘कसं वाटलं?’ असं नाही. विचारायचं, ‘काय दिसलं?’ ‘ती घाबरली होती’ असं कुणी म्हटलं तर, ‘कशावरून?’ ‘ओढणी पिळत होती.’ झालं, शिकवून झालं.

घरची भाषा दाराबाहेर ठेवायला लावू नका

वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाड्यातली बोली, घरात तेलुगू किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाचं मराठी, सगळं वर्गात येऊ द्या. मुलाने आपल्या बोलीत बोललेल्या पहिल्याच वाक्याला ‘शुद्ध बोल’ म्हटलंत, तर ते मूल पुढचे सगळे दिवस फक्त तुम्ही दिलेली वाक्यं बोलेल. ‘न’ आणि ‘ण’ पुढे कधीतरी बघता येतो. माझ्या अनुभवात मूल बोलीत उत्स्फूर्त प्रसंग करतं तेव्हा हेल जवळपास नसतोच. पुस्तकी वाक्य आलं की लगेच येतो.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट. जुन्या बालनाट्याच्या संहितांमध्ये घरगडी, भाजीवाली, हवालदार ग्रामीण बोलतात आणि बंगल्यातली मुलं प्रमाण मराठी बोलतात. हशा बहुतेक वेळा पहिल्यांच्या बोलण्यावर असतो. वर्गात त्या बोलीत घरी बोलणारं मूल बसलेलं असतं. तोतरं बोलणं, चकणेपणा, लंगडणं, बायकी चाल यांवरचे विनोदही तसेच. सरळ कापा. कुणी ‘पण टाळी येते’ म्हणालं तरी.

नाटक कुठून आणायचं

मुलांकडून. चौथ्या-पाचव्या दिवशी चार-पाच जणांचे गट करा आणि ‘मधली सुट्टी’ या विषयावर न बोलता, न हलता तीन चित्रं उभी करायला सांगा. पहिलं, मधली सुट्टी कशी असते. दुसरं, कशी असायला हवी. आणि तिसरं या दोन्हींच्या मधलं: पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना काय घडलं? ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल अशी चित्रं मोठ्या माणसांकडून करून घ्यायचे, जुलमाविषयी बोलायला. मुलांना जुलूम हा शब्द माहीत नसतो. पण डबा लपवणारं कोण, नळावर रांग मोडणारं कोण आणि एकटं खाणारं कोण, हे पक्कं माहीत असतं.

मग चित्रांना एकेक वाक्य द्यायचं, मग हालचाल, मग प्रसंग. दोन मुलांना लेखनिक करा. मुलांनी बोललेली वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्यायची. रात्री ती जुळवून संहिता करणं तुमचं काम. इथे तुमच्यातला लेखक जागा होईल आणि मुलांच्या तोंडी शहाणपणाची वाक्यं घालू लागेल. त्याला झोपवा. पहिल्या प्रयोगाला 15 ते 20 मिनिटं भरपूर झाली.

कधी प्रसंग अडतो. तेव्हा तुम्हीच भूमिका घेऊन आत शिरा. इंग्लंडच्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी वर्गात शिकवताना हे तंत्र रुळवलं. कठोर मुख्याध्यापिका होऊ नका, ती तर तुम्ही आहातच असं मुलांना वाटतं. ज्याला काही ठाऊक नाही असा माणूस व्हा: शाळेत आज पहिल्यांदाच आलेला शिपाई, वाट चुकलेली आजी. मुलं तुम्हाला सगळं समजावून सांगायला लागतात आणि प्रसंग पुन्हा चालू होतो.

भूमिका वाटताना

निवड चाचणी घेऊ नका. सात-आठ दिवस सगळ्यांनी सगळ्या भूमिका करून बघायच्या. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: काय करायला आवडेल, काय चालेल, काय अजिबात नको. वाटणी करताना ‘अजिबात नको’ हे मोडायचं नाही. एवढं केलंत तर नाराजी येते, पण ती अपमानाची नसते.

स्वतःकडेही जरा बघा. काळी-सावळी मुलगी राक्षसीण, गोरी मुलगी परी, जाडा मुलगा विनोदी, मुली आई-आजी आणि मुलगे शास्त्रज्ञ, असं आपल्या नकळत होतं. मी एकदा यादी लिहून झाल्यावर वाचली आणि फाडून टाकली.

कुणालाही झाड करू नका. झाड हवंच असेल तर सगळ्यांनी मिळून करायचं. ज्याला स्टेजवर यायचंच नाही त्याला खरं काम द्या: ढोलकी, दिवे, घंटा, सामानाची यादी. ‘बॅकस्टेज’ म्हणजे उरलेल्यांची जागा, असं वाटू लागलं की ते काम कुणी मनापासून करत नाही.

पाठांतरात विसरण्याचीही तालीम घ्या. चालू प्रसंगातून एका मुलाला खांद्यावर हात ठेवून बाहेर काढा. बाकीच्यांनी नाटक थांबू न देता पुढे न्यायचं. दोन-तीनदा असं झालं की विसरणाऱ्याकडे कुणी डोळे वटारून बघत नाही, सगळे त्याला सांभाळून घेतात. विंगेतल्या प्रॉम्प्टरची गरज निम्म्याने कमी होते.

गप्प, दंगेखोर आणि वेगळी गरज असलेली मुलं

गप्प मुलाला पुढे ढकलू नका आणि सगळ्यांसमोर त्याचं कौतुकही करू नका, त्याने ते आणखी आत जातं. आरशाचा खेळ द्या: दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हळू हालचाल करायची, दुसऱ्याने प्रतिबिंब व्हायचं. बोलावं लागत नाही आणि कुणी एकटंही पडत नाही. दंगेखोर मुलाला बहुतेक वेळा काम कमी पडलेलं असतं. वर्ग सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं बोलावून त्याला सतरंज्या गुंडाळायला घ्या.

स्वमग्न मूल किंवा गोंगाट सहन न होणारं मूल असेल तर त्या दिवशी काय काय होणार, हे फळ्यावर क्रमाने लिहा आणि एकेक झालं की खोडा. एक शांत कोपरा ठेवा. ढोल वाजणार असेल, अंधार होणार असेल तर आधी सांगा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी बोलताना खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, तुमचे ओठ दिसत नाहीत. चाकाच्या खुर्चीवरचं मूल असेल तर सगळ्या गटाचा खेळ खुर्च्यांवर बसून करा. बहुतेक खेळ होतात. बाकी त्या मुलालाच विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

रडवू नका

आपल्याकडे शिबिराच्या शेवटच्या दिवशी दिवे मंद करून, मागे बासरी लावून ‘आता आईबाबांविषयी मनातलं बोला’ असा कार्यक्रम करतात. मुलं हुंदके देतात, आयोजकांना वाटतं शिबिर सार्थकी लागलं. माझा याला ठाम विरोध आहे. मूल घरी जाऊन त्या आठवणीचं काय करणार, हे तुम्हाला माहीत नसतं. ज्याची आई नाही असंही मूल त्यात बसलेलं असू शकतं. दुःखाचा प्रसंग करायचा तर मुलाच्या घरचा नको. गोष्टीतला करा.

तरीही एखादं मूल काहीतरी गंभीर सांगेल. शांतपणे ऐका, ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका आणि स्वतः चौकशी करत बसू नका. 18 वर्षांखालील मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं 2012च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक वर्गात सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवा.

स्पर्श विचारून करायचा, हा नियम तुम्हालाही लागू. कपडे बदलायला मुली आणि मुलगे यांची वेगळी, बंद जागा. मोबाइल तिथे नाही. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी.

पालक

नाव नोंदवायला आलेल्या दहातल्या नऊ पालकांचं वाक्य ठरलेलं असतं: ‘बाकी काही नको, जरा स्टेज डेअरिंग आलं पाहिजे.’ त्यांच्याशी वाद घालू नका. शिबिराच्या मध्यावर एक दिवस त्यांना वर्गात बोलवा आणि बघायला न बसवता खेळायला लावा. ‘मामाचं पत्र’मध्ये धापा टाकत पळालेल्या बाबांना नंतर फार काही सांगावं लागत नाही. घरी संवादांची तयारी करून घेऊ नका, एवढं मात्र हात जोडून सांगा. घरी आईने बसवलेला हेल वर्गात काढायला दोन दिवस लागतात.

प्रयोग

पहिल्या वर्षी स्पर्धेत उतरू नका. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा आहे, गावोगावच्या इतरही आहेत, त्या कुठे जात नाहीत. पहिला प्रयोग त्याच हॉलमध्ये, जमिनीवर, प्रेक्षक तीन बाजूंनी, 60-70 माणसं, बिनमाईकचा. भाड्याची ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे पोशाख, नको. ती प्रयोगाच्या दिवशी येते, मापात बसत नाही आणि मुलं संवाद सोडून कमरेचा शेला सांभाळत बसतात. घरचे साधे कपडे आणि प्रत्येकाला एक ओढणी. ओढणीची नदी होते, पोतं होतं, साप होतो.

रंगीत तालीम आदल्या दिवशी पूर्ण करा, न थांबवता. प्रयोगाच्या दिवशी सकाळी तालीम नाही, फक्त गोल आणि खेळ. तिसरी घंटा मुलानेच द्यायची. त्यानंतर तुम्ही विंगेत उभ्या राहू नका, तिथे उभं राहिलं की ओठ हलतात. प्रेक्षकांत, शेवटच्या रांगेत जाऊन बसा. काहीतरी चुकेल. मुलं सांभाळून घेतील किंवा घेणार नाहीत.

आणि प्रयोगानंतर साधारण आठवड्याने आणखी एक वर्ग ठेवा. सुरुवातीलाच तशी तारीख देऊन ठेवा, नाहीतर कुणी येत नाही. जो मुलगा प्रयोगात वाक्य विसरला आणि घरी ऐकून आला, त्याला परत यायला एक दिवस हवा असतो. त्या दिवशी प्रयोगाचा व्हिडिओ लावू नका, बक्षिसं देऊ नका, चुका काढू नका. चपला दाराशी, सतरंजी गुंडाळलेली, सगळे गोलात, आणि ‘मामाचं पत्र’. रुमाल तुम्ही आणा.